राजीनाम्याचं नंतर, आधी तुम्ही वरुडला जा

*ताई, माझं वय 43. मिस्टर 49 वर्षांचे, घुग्घुसजवळच्या एका सिमेंट कारखान्यात 22 वर्षांपासून इलेक्ट्रिशियन आहेत. कंपनीचं क्वार्टर आहे, हातात महिन्याला 41 हजार येतात. मला आठ वर्षांपासून दमा आहे. गेल्या हिवाळ्यात दोनदा ॲडमिट झाले. सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी पानं पुसावी लागतात, इतकी धूळ. पंप जवळ असतो, पण सवय लागेल म्हणून फारच दम लागला तरच घेते. मिस्टर म्हणतात, नोकरी सोडतो, तुझ्या माहेरी वरुडला जाऊ, मोटार वाइंडिंगचं दुकान टाकतो. सासूबाई म्हणतात, आम्ही इथंच जगलो, हे हिच्या मनाचे खेळ आहेत. मुलगा अकरावीत आहे. माझ्यापायी घराची भाकरी जाईल या विचाराने झोप लागत नाही. काय करू?*

तुमचं पत्र वाचलं आणि तुळशीची ती पुसलेली पानं डोळ्यांसमोरून हलेनात.

सासूबाईंचं आधी बोलते, कारण ते तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. हे मनाचे खेळ नाहीत. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची तपासणी केली, तेव्हा 83.88 गुणांसह चंद्रपूर, म्हणजे तुमचं घुग्घुस ज्यात येतं तो पट्टा, देशात चौथा होता. हे गुण जितके जास्त तितकं प्रदूषण जास्त. औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट, कोळशाचे ट्रक, सगळं तुमच्या भोवती आहे. थंडीत हवा जमिनीलगत अडकते आणि धूळही खालीच राहते. दोन्ही वेळा हिवाळ्यातच ॲडमिट व्हावं लागलं, यात मला नवल वाटत नाही. सासूबाईंना दमा झाला नाही, हे त्यांचं नशीब. त्यावरून तुमचा दमा खोटा ठरत नाही.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. फारच दम लागला तरच पंप घेते. अहो, पंपाची सवय लागत नाही. दम लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा आणि श्वासनळीची सूज कमी ठेवणारा रोजचा पंप वेगळा. रोजचा पंप बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो, आणि घेतल्यावर चूळ भरायची. तुमच्याकडे नेमका कोणता आहे, दुसरा लिहून दिला होता का, हे याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना विचारा. पंप ओढायची पद्धतही त्यांच्यासमोर करून दाखवा, कारण चुकीचा ओढला तर औषध घशातच राहतं. औषध नीट सुरू होण्याआधी गाव सोडलं, तर आराम हवेमुळे पडला की औषधामुळे, हे कधीच कळणार नाही.

त्यांच्याकडूनच पीक फ्लो मीटर समजून घ्या. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी प्लास्टिकची छोटी नळी असते, काही शे रुपयांत मिळते. आकडा जितका मोठा तितका श्वास मोकळा. सकाळ-संध्याकाळ तीनदा जोरात फुंकायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. आजपासून दिवाळीपर्यंत घुग्घुसचे आकडे लिहा. मग भाऊबीजेला वरुडला जा आणि होळीपर्यंत तिथंच राहा. एकट्या तुम्ही. मुलाची बारावी पुढच्या वर्षी आहे, म्हणून हाच हिवाळा हाताशी आहे. चार महिने भाकऱ्या बापलेक थापतील, नाहीतर डबा लावतील.

माहेरची हवा चांगलीच असेल, असं धरून चालू नका. माझ्या मामेबहिणीला धुळीचा त्रास म्हणून पुण्याहून दापोलीला नेलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींना ओल आली, गाद्यांना बुरशीचा वास यायला लागला आणि तिचा दमा दुप्पट झाला. वरुडला तशी ओल नाही, पण संत्र्याच्या बागेत फवारणी असते आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब अंगणात धुमसत असतो. वहिनींना आधीच सांगा, बंबापासून लांबची खोली द्या आणि फवारणीच्या दिवशी मला बागेकडे येऊ देऊ नका. रात्री अटॅक आला तर कुठे जायचं, गाडी कोणाची, हे भावाशी पहिल्या दिवशीच ठरवा. मोठ्या दवाखान्यासाठी नागपूर गाठायचं तर शंभरेक किलोमीटर पडतात.

आता पैशाचं. मिस्टरांनी तुमच्यासाठी एवढी नोकरी सोडायची तयारी दाखवली, हे मला फार मोलाचं वाटतं. तरी त्यांना सांगा, होळीपर्यंत राजीनाम्याचा कागद लिहायचा नाही. पेन्शन बुडेल ही भीती मात्र मनातून काढा. पीएफच्या पेन्शनचा हिशेब 15 हजार पगाराच्या मर्यादेवर होतो. पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनचा पर्याय त्यांनी भरला नसेल, तर पुढच्या नऊ वर्षांच्या नोकरीने महिन्याच्या पेन्शनमध्ये जेमतेम 1,900 रुपयांची भर पडते. फक्त ती पेन्शन वयाच्या 58 च्या आधी सुरू करू नका, अलीकडच्या दर वर्षामागे 4 टक्के कापले जातात. ग्रॅच्युइटी आज सोडली तरी मिळते. बेसिक आणि डीए मिळून 26 हजार असतील, तर 22 वर्षांचे 3 लाख 30 हजार होतात.

खरं नुकसान दुसरीकडे आहे: दर महिन्याचा पगार, क्वार्टर आणि कंपनीचा मेडिक्लेम. तुमच्या दम्यासकट नवी पॉलिसी घ्यायला गेलात, तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. म्हणून कंपनीची पॉलिसी घरच्या पॉलिसीत बदलून घेता येते का, हे मिस्टरांनी नोकरीत असतानाच विचारावं. दुकानाची कल्पना मला वाईट वाटत नाही. वरुडकडे पाणी खोल गेलंय, सबमर्सिबल मोटारी जळतच राहतात. पण ते काम उन्हाळ्यात जोरात आणि पावसाळ्यात मंद. मिस्टरांनी एखादी सुट्टी काढून तिथल्या वाइंडिंगवाल्याकडे चार दिवस नुसतं बसून यावं. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय दुकानाचं भाडं भरू नका.

होळीला वही उघडा. आकडे तिथे स्पष्ट वर गेले असतील आणि रात्रीचा खोकला थांबला असेल, तर तुम्ही घुग्घुसला कायमच्या परतू नका, हे माझं मत आहे. मग मुलाची बारावी होईपर्यंत मिस्टर इकडे आणि तुम्ही तिकडे, असं एक वर्ष काढा. त्या वर्षात तुमच्या माहेरच्या राहण्यावर खर्च कमी आहे, तेवढ्यात दुकानाचे पैसे साठतील. आकडे हलले नसतील, तर 41 हजार वाचले, आणि दोष औषधात शोधायचा की आणखी कशात, हे डॉक्टरांशी बोलता येईल.

आणि ते "माझ्यापायी"? तुम्ही आठ वर्षं खोकत खोकत त्या घराचा स्वयंपाक केलात. आज रात्री मिस्टरांना जवळ बसवून हे पत्र वाचून दाखवा. सासूबाई ऐकत असतील तर दार लावू नका. होळीनंतर वहीतले आकडे मला कळवा, मी वाट बघते.