गाडीच्या पीपीएफबद्दल (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंग वाचवायला वरून चढवायची पारदर्शक फिल्म) तुम्ही विचारलंत

प्रश्न : दादा, नवीन पांढरी गाडी घेतोय, रोज सातारा-पुणे जाणं-येणं आहे. शोरूमवाले म्हणतात डिलिव्हरीच्या आधीच फुल बॉडी पीपीएफ लावून देतो, खर्च लाखाच्या वर जातोय. मित्र म्हणतो सिरॅमिक कर, तेच काम होतं. काय करू?

आधी मित्राचं सांगतो. सिरॅमिक कोटिंगचा थर असतो एखाद-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याने पाणी पटकन घसरतं, चमक येते, गाडी धुवायला सोपी जाते, हे सगळं खरं, पण खंबाटकीत पुढच्या डंपरमधून खडी उडाली तर ते काहीही अडवणार नाही. पीपीएफचं काम वेगळं आहे. ती साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची रबरासारखी लवचिक फिल्म असते आणि गाडीचा कंपनीतून आलेला रंग प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत सगळा मिळून 100-120 च्या आसपास भरतो, म्हणजे रंगापेक्षा जाड थर वरून बसतो आणि खडीचा मार तो खातो. मुळात ही फिल्म आली तीच व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती वाळू-दगडाने खराब होऊ नयेत म्हणून.

पण फुल बॉडी? माझं स्पष्ट मत आहे, नको. खडी लागते ती पुढून. पुढचा बंपर, पूर्ण बोनेट, पुढचे दोन्ही फेंडर, आरसे, छताची पुढची कडा, आणि मागच्या चाकाच्या पुढचा तो पट्टा जिथे आपल्याच चाकाने खडे उडतात, एवढं करा. जोडीला दारांच्या कडा आणि हँडलच्या मागची खोबण, तिथे नखांचे आणि बोटात घातलेल्या अंगठ्यांचे ओरखडे सगळ्यात जास्त पडतात. खर्च बराच खाली येतो आणि वाचलेले पैसे चांगल्या कारागिरावर घाला.

शोरूमला हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा. मटेरियल टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) आहे का पीव्हीसी (साधं प्लास्टिक)? (स्वस्तात देतात ती बहुतेक पीव्हीसी असते, आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते आणि कडक होते.) काम कुठे करणार, बंद खोलीत का उघड्या शेडमध्ये? आणि फिल्म कापणार कशी, मशीनवर का गाडीवर ठेवून कटरने?

हे शेवटचं मी जीव तोडून सांगतो कारण माझ्या स्वतःच्या गाडीवर ते घडलंय. एका ठिकाणी फिल्म बसवून घेतली, दिसायला एक नंबर काम, चार वर्षांनी काढली तर बोनेटच्या कडेला टॉर्च धरल्यावर केसासारखी बारीक रेघ दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नख फिरवलं की अडकायचं. कटर फिल्ममधून आरपार जाऊन रंगात उतरला होता आणि दोन ठिकाणी त्या रेघेत गंजाचा ठिपका धरला होता. ज्या रंगासाठी पैसे मोजले तोच कापला गेला. गाडीवर हाताने कापून सुंदर काम करणारे कारागीर आहेत, नाही असं नाही, पण तुम्हाला हात ओळखता येत नसेल तर मशीन कटिंगच मागा.

आणि नवी गाडी स्वच्छच असते हे मनातून काढा. यार्डात उभी राहून तिच्यावर लोखंडाचे बारीक कण बसलेले असतात, म्हणून धुऊन, क्ले (रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवून, आयपीए म्हणजे स्पिरिटसारखं जे असतं त्याने पुसूनच फिल्म चढली पाहिजे, नाहीतर आत अडकलेला कण कायमचा आतच दिसत राहतो.

प्रश्न : फिल्म लावून पाच दिवस झाले, बोनेटवर बारीक बुडबुडे आहेत. टाचणीने फोडू का?

अजिबात नको! फिल्म बसवताना खाली शांपूचं पाणी मारतात, त्यावर ती सरकवून जागेवर आणतात आणि मग स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी बाहेर काढतात, त्यातलं थोडं आत राहतंच. ते आठ-पंधरा दिवसांत आपोआप वाळतं, गाडी उन्हात उभी करा. बोटाने दाबल्यावर सरकतोय तो पाण्याचा. महिन्याभराने पण तिथेच आहे तो हवेचा नाहीतर धुळीच्या कणाचा, गाडी घेऊन जिथे काम केलं तिथे जा आणि हक्काने दुरुस्त करून मागा. पहिला आठवडा गाडी धुवू नका.

प्रश्न : दसऱ्याला आईने बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आता पांढऱ्या गाडीवर पिवळा-लाल डाग बसलाय. फिल्म गेली का?

गेली नाही, आईंना काही बोलू नका. हळदीचा पिवळा रंग उन्हाने उडतो, साडीवरचा डाग उन्हात टाकल्यावर फिका होतो ना, तसंच, दोन-चार दिवस गाडी उन्हात राहू द्या. कुंकवाचं जरा चिवट असतं. कोमट पाणी, गाडीचा शांपू, मायक्रोफायबर कापड, आणि आधी भिजवून मग हलक्या हाताने, कोरडं घासायचं नाही. तरी राहिलं तर आयपीए आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडावर घ्या आणि टिपा. रॉकेल, पेट्रोल, थिनर याच्या जवळपास जाऊ नका, फिल्मचा वरचा थर मेला की मग काही करता येत नाही. आमच्याकडे आता स्वस्तिक पुढच्या काचेवर काढतात, पूजा तशीच होते आणि काच पुसली की झालं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत रोज पहाटे एक जण सगळ्या गाड्या एकाच फडक्याने पुसतो. फिल्म असल्यावर चालेल ना, ओरखडे आपोआप भरतात म्हणे?

भरतात, पण फक्त वरवरचे. चांगल्या फिल्मच्या वरच्या थराला उष्णता मिळाली की बारीक रेषा मिटतात, ऊन किंवा गरम पाणी पुरतं. खोल गेलेला ओरखडा तसाच राहतो. त्यामुळे त्या दादांना नीट सांगा की गाडी नुसती पुसू नका, आणि आठवड्यातून एकदा स्वतः धुवा. बोअरचं पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे गोल डाग बसतात, लगेच कोरडी करा. प्रेशरचा पाइप कडेवर जवळून मारू नका, तिथूनच फिल्म उचलते. पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओली करून काढा.

प्रश्न : ठोकर लागून बंपर आणि फेंडर नवीन रंगवलेत. लगेच फिल्म लावू का?

किमान महिनाभर थांबा. गॅरेजच्या रंगातला थिनर हळूहळू उडत असतो, त्यावर लगेच फिल्म बसवली तर तो आत कोंडतो आणि बुडबुडे धरतात. आणि बसवणाऱ्याला आधीच सांगा की हे पॅनेल रिपेंट आहेत, कारण पुढे फिल्म काढताना कच्चा रंग तिच्यासोबत निघून येऊ शकतो. काढायची वेळ येईल तेव्हा घरी ओढत बसू नका, गरम करून, कमी कोनात, सावकाश काढणाऱ्याकडेच न्या.