न वाचलेल्या कागदासाठी लढायची वकिली

साताऱ्याहून एका निवृत्त सुभेदारांचे पत्र आले आहे. त्यांची कन्या पुण्यात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. लष्करी बळ वापरण्यासाठी अमेरिकी सरकार आपल्याच वकिलांकडून जे गुप्त कायदेशीर अभिप्राय घेते, ते लोकांपुढे यावेत म्हणून तिथे दावे लढवले जातात. हेच काम आपण करायचे, असे तिने घरी सांगितले आहे. सुभेदारसाहेबांचे दोन प्रश्न आहेत. हे काम सैन्याच्या विरोधातले तर नाही ना, आणि त्यावर पोट भरते का?

माननीय सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नापुरते मी तुम्हाला अमेरिकेऐवजी ब्रिटनमध्ये नेतो. २००३ साली इराकवर चाल करण्याआधी ब्रिटनचे तेव्हाचे संरक्षणदल प्रमुख ॲडमिरल मायकेल बॉइस यांनी सरकारकडे एक गोष्ट मागितली होती: हे युद्ध कायदेशीर आहे, अशी निःसंदिग्ध ग्वाही. महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला पंतप्रधानांना दिलेल्या सविस्तर टिपणात बऱ्याच शंका होत्या. १७ मार्चला संसदेत आलेल्या छोट्या उत्तरात त्या दिसल्या नाहीत. मूळ टिपण लोकांना वाचायला मिळाले ते एप्रिल २००५ मध्ये, तेही त्यातला मजकूर फुटल्यानंतर. हुकूम पाळणाऱ्याला त्या हुकुमाचा कायदेशीर आधार कळावा, ही मागणी तेव्हा सर्वांत वरच्या सैनिकानेच केली होती. तुमच्या कन्येला जे करायचे आहे ते याच मागणीच्या जवळचे आहे. वकील सैन्याविरुद्ध नव्हे, तर कागद दाबून ठेवणाऱ्या खात्याविरुद्ध उभा असतो.

आता काम कसे चालते ते सांगतो, कारण तिची आवड खरी आहे की नाही हे तिथेच कळेल. अमेरिकेच्या न्याय विभागात ऑफिस ऑफ लीगल कौन्सिल नावाचे एक लहानसे कार्यालय आहे. त्याचा अभिप्राय प्रशासनातली इतर खाती प्रथेने बंधनकारक मानतात, म्हणून तो गुप्त राहिला तर व्यवहारात एक गुप्त कायदाच तयार होतो, असा कागद मागणाऱ्या अर्जदारांचा युक्तिवाद असतो. सरकारचे उत्तरही ठरलेले असते: हा वकील आणि अशील यांच्यातला सल्ला आहे, निर्णयापूर्वीची चर्चा आहे आणि त्यात राष्ट्रीय सुरक्षेची गुपिते आहेत. तिथल्या १९६६ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्यात या तिन्ही गोष्टींना अपवादांचा आधार मिळतो.

या दाव्यांत वकिलाला वादातला कागद कधीच दिसत नाही. न्यायाधीशांना वाटले तर ते तो बंद दाराआड वाचतात. अर्जदाराच्या हाती येते ती फक्त रोखलेल्या कागदांची यादी आणि प्रत्येकाच्या रोखण्याचे कारण, तेही सरकारनेच लिहिलेले. न वाचलेल्या मजकुराबद्दल वर्षानुवर्षे नेमका युक्तिवाद करत राहणे सर्वांना जमत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या डोळ्यांपुढे कोर्टातले भाषण असते. इथे मुख्य काम टेबलाशी बसून तारखा जुळवण्याचे आहे.

अन्वर अल-अवलाकीच्या प्रकरणात हे नीट दिसते. अल-कायदाशी जोडला गेलेला हा धर्मोपदेशक, न्यू मेक्सिकोत जन्मलेला अमेरिकी नागरिक, ३० सप्टेंबर २०११ रोजी येमेनमध्ये अमेरिकेच्याच ड्रोन हल्ल्यात मारला गेला. त्याला मारणे कायद्यात बसते, असा अभिप्राय त्या कार्यालयाने १६ जुलै २०१० रोजीच लिहून ठेवला होता. न्यूयॉर्क टाइम्स, त्याचे दोन वार्ताहर आणि अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्क संघटना यांनी तो मागितला, नकार आला आणि ते न्यायालयात गेले. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश कोलीन मॅकमहन यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला, मात्र तसा द्यावा लागतो याची अस्वस्थता निकालपत्रातच नोंदवली. एप्रिल २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. कारण असे की, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी या विषयावर जाहीर भाषणे केली होती आणि त्याच युक्तिवादाचे एक सरकारी टिपणही बाहेर आले होते. जे आपणच सांगून टाकले ते गुपित म्हणून राखता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे भाषणातले वाक्य आणि टिपणातले वाक्य शेजारी ठेवून पाहणाऱ्याने हा दावा जिंकला. जूनमध्ये अभिप्राय प्रसिद्ध झाला, पण त्यातला बराच मजकूर काळा करून. पुढे २०१५ मध्ये त्याच अपील न्यायालयाने इतर अभिप्राय मात्र देण्यास नकार दिला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके गोड नाही. अशी कामे मुख्यतः ना-नफा संस्था, मोठ्या वृत्तपत्रांचे विधी विभाग आणि येलसारख्या विद्यापीठांतली विधी केंद्रे करतात, आणि जागा मोजक्याच असतात. दावा बऱ्याच अंशी जिंकला तर वकिलाचा खर्च सरकारकडून मिळू शकतो, पण त्या भरवशावर घर चालत नाही. भारतीय विधी पदवीधराला न्यूयॉर्कची वकिली परीक्षा काही अटींवर देता येते. मात्र विद्यार्थी व्हिसावर एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, केल्यानंतर कामाची मुभा साधारण एका वर्षाची, आणि लोकहिताची नोकरी करणाऱ्यांना तिथे जी कर्जमाफी मिळते ती अमेरिकी सरकारच्या कर्जाला आहे, आपल्या बँकेच्या कर्जाला नाही. म्हणून घर किंवा जमीन तारण ठेवून एवढ्याचसाठी तिला पाठवू नका. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर पाठवा.

तोवर एक वर्ष इथेच परीक्षा घेता येईल. तिने आपल्या नगरपालिकेकडे एखाद्या वादग्रस्त ठरावावर पॅनेलवरच्या वकिलाने दिलेला अभिप्राय माहिती अधिकारात मागावा. नकार आलाच तर बहुधा कलम ८(१)(ई) चा, म्हणजे विश्वासाश्रित संबंधाचा (विश्वासाने सोपवलेली माहिती उघड करता येत नाही, असा), दाखला मिळेल. कलम ८(२) मधले व्यापक जनहित पुढे करून तिने पहिले अपील लिहावे, गरज पडल्यास राज्य माहिती आयोगापर्यंत जावे. वॉशिंग्टनमध्ये ड्रोनवरून जो वाद होतो, त्याचा गाभा इथे गटाराच्या ठेक्यावरून हाताळायला मिळतो, आणि खर्च दहा रुपयांच्या अर्जापासून सुरू होतो. सोबत तिला २०१४ चे ते अपील निकालपत्र वाचायला सांगा. ते सार्वजनिक आहे.

अपिलाचा मसुदा तिने मला पाठवावा. तो वाचून मी पुढच्या अर्जांबद्दल लिहीन.