ऐनूंची कोरीव पट्टी आणि सालीचे वस्त्र

प्रश्न : जपानमधील ऐनू लोकांच्या वस्तूंच्या छायाचित्रांत लाखेच्या वाटीवर आडवी ठेवलेली एक कोरीव लाकडी पट्टी दिसते. जुन्या प्रवासवर्णनांत तिचा उल्लेख ‘मिशा उचलण्याची काठी’ असा येतो. तिचा खरा उपयोग कोणता? ती पूजेची वस्तू आहे की रोजच्या वापरातली?

उत्तर : ती पूजेची वस्तू आहे. होक्काइदो, साखालिन आणि कुरील बेटे ही ऐनूंची मूळ भूमी. तेथे या पट्टीला ‘इकुपासुय’ म्हणतात. तिची लांबी साधारण दीड वीत असते. प्रार्थना करणारा पुरुष तिचे टोक वाटीतल्या मद्यात बुडवून त्याचे थेंब चुलीतल्या अग्नीवर किंवा ‘इनाऊ’वर, म्हणजे सालपे काढून कुरळ्या झुपक्यांनी सजवलेल्या लाकडी दांड्यावर, शिंपडतो. माणसाच्या बोलण्यात काही उणे राहिले तर ते ही पट्टी पुरे करते आणि प्रार्थना ‘कामुय’पर्यंत, म्हणजे देवतांपर्यंत, नेऊन पोहोचवते, अशी श्रद्धा आहे. पट्टीच्या टोकाशी कोरलेल्या लहानशा खुणेला म्हणूनच जिभेचे नाव आहे. अर्पण केलेला एक थेंब देवलोकात पिंपभर होतो, असेही मानतात. दाढीमिशा राखणारे वृद्ध उरलेले मद्य पिताना याच पट्टीने मिशा वर धरीत, हे खरे आहे. मात्र परक्या प्रवाशांनी डोळ्यांना दिसली तेवढीच कृती टिपली आणि प्रार्थनेचे मुख्य साधन खाण्यापिण्याच्या उपकरणांत जमा केले, याची मला खंत वाटते.

पट्टीखालची वाटी मात्र ऐनूंनी घडवलेली नसते. लाखेची भांडी जपानी व्यापाऱ्यांकडून सामन मासे, जनावरांची कातडी आणि गरुडाची पिसे यांच्या मोबदल्यात येत आणि घराचे वैभव म्हणून जपली जात. इनाऊचे तसे नाही. ते माणसानेच करावे लागते, कारण देवतांना ते स्वतः करता येत नाही आणि म्हणूनच त्यांना त्याची ओढ असते, अशी समजूत आहे.

पूजेचे आणि रोजचे हा भेद ऐनूंच्या घरात आपण समजतो तितका काटेकोर नव्हता. चुलीतला अग्नी ही वृद्ध देवी. स्वयंपाकही तिच्यावरच होई आणि इतर देवतांकडे निरोपही तिच्याच मार्फत जाई. वापरून झिजलेले भांडे किंवा हत्यारसुद्धा कृतज्ञतेने, अर्पण करून, विधिपूर्वक देवलोकी परत पाठवले जाई.

प्रश्न : झाडाच्या सालीपासून केलेले वस्त्र अंगावर टिकते का? ते कसे विणतात?

उत्तर : उत्तम टिकते. ‘आत्तुश’ नावाचे हे कापड प्रामुख्याने ओह्यो या एल्म वर्गातील झाडाच्या अंतर्सालीपासून होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढला की साल सहज सुटते. ती खोडाच्या एकाच बाजूने काढतात, म्हणजे झाड मरत नाही. मग अंतर्साल पाण्यात भिजत ठेवून किंवा राखेच्या पाण्यात उकळून मऊ करतात, तिचे पातळ थर सुटे करून धुतात, वाळवतात, चिरून बारीक पट्ट्या करतात आणि त्या एकमेकींना जोडून, पीळ देत धागा तयार करतात. विणकरीण जमिनीवर बसून, मागाचा एक पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून ताण्याचा ताण सांभाळते. कापड हवा खेळती ठेवते आणि पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे जपानी खलाशांतही त्याला मागणी होती. गळा, बाह्यांची टोके आणि काठ यांवर वळणदार व काटेरी नक्षी असते; ती अशुभाला आत शिरू देत नाही, असे सांगतात. विणकाम आणि भरतकाम स्त्रियांकडे, तर लाकडावरचे कोरीवकाम पुरुषांकडे, अशी वाटणी होती.

प्रश्न : या वस्तू आज कुठे पाहता येतील आणि त्या अजून कोणी बनवते का?

उत्तर : होक्काइदोतील सारू नदीकाठच्या निबुतानी गावात. तेथील कायानो शिगेरू (1926–2006) यांनी, ऐनूंच्या वस्तू संशोधकांमार्फत गावाबाहेर जात असल्याचे पाहून, 1950 च्या दशकात स्वतः त्या जमवायला सुरुवात केली. पुढे 1994 मध्ये ते जपानी संसदेतील पहिले ऐनू सदस्य झाले. निबुतानी आणि परिसरातील 1,121 वस्तूंना 2002 मध्ये राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. होक्काइदोतच शिराओई येथे जुलै 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘उपोपोय’ संकुलात राष्ट्रीय ऐनू संग्रहालयही आहे. तरीही निवड करायची असेल तर मी आधी निबुतानीच सुचवीन, कारण तेथील कोरीव लाकडी तबक ‘इता’ आणि आत्तुश या दोन्हींना 2013 मध्ये जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली असून या वस्तू गावात आजही घडवल्या जातात.