आधी झोपेची वही काढ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पलूसच्या त्या मुलाला मेंदूचं चित्र काढून अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीचा गजर, समजावलास, त्यानं मान डोलावली आणि छातीतली धडधड तशीच राहिली. आता विचारतेस, ‘माझंच काही चुकतंय का?’ तुझं शिकणं कमी पडलेलं नाही. तू त्याची झोप विचारली नाहीस. तो सांगलीच्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसतो, घरी गेला की रात्रीची लाइट आली म्हणून उसाला पाणी पाजायला जातो, हे सगळं तुझ्या पत्रात आहे. उठतो किती वाजता, चहा किती घेतो, हे कुठेच नाही.

आधी झोप, मग बोलणं. झोप अपुरी असली की अमिग्डाला साध्या गोष्टीनंही पेटतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. तुझी सगळी तंत्रं ह्या दुसऱ्या भागाच्या भरवशावर असतात. तोच थकलेला असेल तर तू कुणाशी बोलतेस?

झोपायची वेळ ठरवून देऊ नकोस, ती कुणाच्या हातात नसते. उठायची ठरव. सहा म्हणजे सहा, रविवारीसुद्धा. उठल्यावर तासाभरात वीसेक मिनिटं बाहेरच्या उजेडात. चहा दुपारी दोननंतर बंद, कारण कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातच्या चहातलं निम्मं रात्री बारालाही अंगात असतं. पाण्याची पाळी असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत अर्धा तास डोळा लावू दे, जास्त नको. हे सगळं दोन आठवडे वहीत, त्याच्याच अक्षरात.

श्वासाचं शिकवलंस म्हणतेस, पण त्याला चक्कर आली. येणारच! ‘खोल श्वास घे’ म्हटलं की माणूस भराभर मोठे श्वास ओढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात आणि तो आणखी घाबरतो. श्वास हलका हवा, नाकानं. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, मिनिटाला सहाच श्वास, पाच मिनिटं. सोडणं लांबलं की मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचा वेग उतरतो. सराव शांत वेळी, सकाळ-संध्याकाळ. भीतीचा झटका आल्यावर शिकवायला बसू नकोस.

आणि रक्त तपासलंस का? टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉइडचं काम प्रमाणाबाहेर वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते. मिरजेत डॉक्टर काय कमी आहेत? चिठ्ठी देऊन पाठव. तुझे सहकारी म्हणतील, हे समुपदेशकाचं काम नाही. मलाही म्हणतात, वर्षानुवर्षं म्हणतात. म्हणू देत. मन शरीराबाहेर कुठे राहतं ते एकदा दाखवा, मग मी रिपोर्ट मागणं सोडतो.

मरणाचे विचार येतात का, हे मात्र पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना बोलव, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ दिवसरात्र चालू असतो, तो नंबर लिहून हातात दे. इथे झोपेची वही नंतर.

मग बोलणं. तो ‘कसंतरी होतंय’ म्हणेल, तिथे थांबू नकोस. भीती, की लाज? निकालाची, की वडिलांच्या तोंडाची? भावनेला नेमकं नाव दिलं की अमिग्डालाची उसळी कमी होते, हे मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसलंय. पण नाव त्यानं द्यायचं. तू घाईनं देतेस, आणि तो भिडेपोटी ‘हो’ म्हणतो.

बुधवारी तो आला की चित्राचा कागद काढू नकोस. वहीची पानं आखून दे आणि टीएसएच आला की मला फोन कर.

तुझे,
सर