आज्ञापालन धाकाने की प्रीतीने?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. शिक्षेच्या भीतीने लहानपणापासून देवाच्या आज्ञा पाळत आले, पण मन कोरडेच राहते. असे आज्ञापालन देवाला आवडत असेल का? – एक भगिनी

उत्तर : भगिनी, हा प्रश्न आपल्याला छळतो, यावरूनच आपले मन पुरते कोरडे नाही हे दिसते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशूने शिष्यांना सांगितले की, माझ्यावर प्रीती असेल तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल (बायबल, योहान १४:१५). म्हणजे प्रीती आधी आणि पालन तिच्यामागून. ती प्रीतीही आपण ओढूनताणून आणायची नसते, कारण प्रथम प्रीती केली ती देवाने. आजारी लेकरासाठी मध्यरात्री उठून पेज ऊन करणारी आई कोणाच्या धाकाने उठत नाही. झोपमोड होते, तरी तिला त्याचे ओझे वाटत नाही. देवाच्या आज्ञा जड नाहीत, असे प्रभूचा शिष्य योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो ते याच अर्थाने.

आशेचेही तसेच आहे. आपल्या भागात भर पावसात, चिखलात वाकून भाताची रोपे लावणाऱ्या बाया त्या घटकेलाच भरलेल्या लोंब्या मनाशी पाहत असतात, म्हणून त्यांचे हात थांबत नाहीत. याकोबानेही बायबलमधील आपल्या पत्रात धीराला शेतकऱ्याचाच दाखला दिला आहे (याकोब ५:७). पुनरुत्थानाची आशा असलेल्या माणसाला प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ वाटत नाहीत.

देवाविषयीचा आदर मात्र सोडू नका. सोडायची आहे ती दहशत. आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा क्षमा मागण्यापूर्वी, आपल्यावर झालेल्या एखाद्या कृपेबद्दल आभार माना.