कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल, मग मनगट मोडलं कसं? वाचकांची प्रश्नोत्तरे

हाडांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं की निम्म्या मेसेजमध्ये एकच फोटो असतो, लॅबचा रिपोर्ट, त्यात कॅल्शियमच्या आकड्याभोवती पेनाने गोल. तो गोल कशाला काढू नये ते आज सविस्तर सांगतो, बाकीचे प्रश्न त्यामानाने सोपे आहेत.

प्रश्न (सिडको): बोटं मोडली की कडकड वाजतात, नखांवर पांढरे ठिपके पण आहेत. कॅल्शियम कमी झालंय का?

नाही, दोन्हीचा कॅल्शियमशी काही संबंध नाही. सांधा दुखत किंवा सुजत असेल तरच दाखवा.

प्रश्न (पंचवटी): वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झाली. बाथरूममध्ये घसरून मनगट फ्रॅक्चर झालं, आता प्लास्टर निघालंय. रक्तातलं कॅल्शियम ९.४ आहे, म्हणजे हाडं चांगलीच आहेत ना? पुढे काही करायची गरज नाही असं घरचे म्हणतात.

ताई, गरज आहे.

शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात असतं ते अगदी नखभर, पण हृदयाचे ठोके, स्नायू, नसा, रक्त गोठणं सगळं त्याच्यावर चालतं म्हणून शरीर ती पातळी ८.५ ते १०.५ च्या मध्ये काहीही करून धरून ठेवतं. काहीही करून म्हणजे हाडं पोखरून सुद्धा. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की काही मिनिटांत त्या हार्मोन सोडतात, मग किडनी लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते, व्हिटॅमिन डी कामाला लावून आतड्यातून जास्त ओढलं जातं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर हाडातून काढलं जातं. म्हणजे तुमचा ९.४ आकडा सांगतो की ही यंत्रणा चालू आहे, हाडात किती शिल्लक आहे ते नाही सांगत. नळाला रोज पाणी येतंय म्हणून गंगापूर धरण भरलंय असं आपण नाशिककर धरतो का?

दुसरी गोष्ट, हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नाही. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवीन भरतात, दरवर्षी सांगाड्याचा अंदाजे दहावा भाग असा बदलतो. तिशीपर्यंत जमा जास्त होतं. पुढे खाणाऱ्या पेशींना लगाम घालायचं काम बायकांमध्ये इस्ट्रोजेन करतं, पाळी गेली की तो लगाम सुटतो आणि पहिल्या ५-७ वर्षांत हाड सगळ्यात जोरात झिजतं. तुम्ही नेमक्या त्याच काळात आहात.

आणि उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं याला मी अपघात म्हणत नाही, ती हाडाने दिलेली पहिली सूचना आहे. असं एक फ्रॅक्चर झालं की पुढच्या फ्रॅक्चरचा धोका जवळपास दुप्पट होतो, आणि पुढचं मणक्यात किंवा खुब्यात होऊ शकतं. तरी आपल्याकडे प्लास्टर निघालं की फाइल कपाटात जाते, आणि आम्हाला पेशंट थेट खुबा मोडल्यावर स्ट्रेचरवर दिसतो, याचं मला फार वाईट वाटतं कारण मधल्या वर्षांत करण्यासारखं खूप असतं. कमरेचा आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करून घ्या, त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, पण त्याच्या वर आला तरी हे फ्रॅक्चर मोजायचंच असतं. सोबत व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, किडनी तपासतात. औषध आठवड्याच्या गोळीपासून वर्षाच्या इंजेक्शनपर्यंत आहे, कुठलं ते तुम्हाला तपासून डॉक्टरच ठरवतील. नुसती कॅल्शियमची गोळी इथे पुरत नाही.

प्रश्न (सातपूर): मेडिकलवर फ्री कॅम्प होता. टाच मशीनमध्ये ठेवून 'बोन डेन्सिटी लो' सांगितलं आणि पावडरचा मोठा डबा दिला, पैसे घेऊन. वय ३४. कितपत खरं?

टाचेचं ते मशीन अल्ट्रासाउंडचं असतं, त्यावर निदान होत नाही आणि औषध तर अजिबात सुरू करायचं नसतं. कॅम्प फ्री आणि डबा विकत, यातच काय ते समजून घ्या. चौतिशीत स्टिरॉइड चालू नसेल, पाळी लवकर गेली नसेल, क्षुल्लक पडण्याने हाड मोडलं नसेल तर सहसा स्कॅन पण लागत नाही. यातलं काही असेल तर मात्र फॅमिली डॉक्टरांना सांगा. आणि डब्याच्या मागे एका चमच्यात कॅल्शियम किती, साखर किती ते वाचा.

प्रश्न (त्र्यंबक रोड): दूध चालत नाही. नागलीवर भागेल का?

बरंचसं भागतं. १०० ग्रॅम नागलीत ३५० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० धरा. सोबत तीळ, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला ठेवा, दही पचतं का बघा. पालक यात मोजू नका, त्यातलं ऑक्सलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम अंगी फार थोडं लागतं.

प्रश्न (इंदिरानगर): मुतखडा झाला होता. शेजारचे म्हणतात दूध-दही कायमचं बंद करा.

शेजाऱ्यांचं ऐकून बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरतं आणि बाहेर काढतं, ते बंद केलं की उलट ऑक्सलेट लघवीत जास्त जातं आणि खड्याला तेच कारण होतं. गोळ्यांचं वेगळं, त्या विचारल्याशिवाय नको. खडा परत परत होत असेल तर मात्र रक्तातलं कॅल्शियम जरूर बघा, तिथे वाढलेला आकडा महत्त्वाचा, पॅराथायरॉइडची गाठ सापडू शकते.

प्रश्न (नाशिकरोड): कॅल्शियम, थायरॉइड आणि आयर्न, तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घेते. चालेल?

नाही चालणार. थायरॉइडची उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी, आयर्न कॅल्शियमसोबत नको. कॅल्शियमची गोळी कार्बोनेट प्रकारची असेल तर जेवणाबरोबर, सायट्रेट प्रकारची कधीही. पाकिटावर कार्बोनेट १२५० लिहिलं असलं तरी त्यात कॅल्शियम ५०० च असतं, आणि एका वेळी त्याहून जास्त घेऊन उपयोग नाही. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

प्रश्न (कॉलेज रोड): व्हिटॅमिन डीचं ६०,००० चं सॅशे दीड वर्ष दर आठवड्याला घेतोय, मेडिकलवाला देतो.

आजपासून थांबवा. हा कोर्स सहसा आठ आठवड्यांचा असतो, मग डोस कमी होतो. डी चरबीत साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, किडनीला इजा. डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना दाखवा, उलट्या किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न (निफाड तालुका): आई ७२ वर्षांची. सांधेदुखीवर एकाकडून पुड्या आणतो, लगेच आराम पडतो. पण वर्षभरात पाठीला बाक आलाय, उंची कमी झाल्यासारखी वाटते, चेहरा सुजलेला. द्राक्षं काढून झाल्यावर नाशिकला आणू का?

तोपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात आणा. लेबल नसलेल्या आणि लगेच आराम देणाऱ्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, ते नवीन हाड भरणाऱ्या पेशींनाच दाबतं, आणि बाक येणं, उंची घटणं म्हणजे मणके आधीच दबले असण्याची शक्यता. पाठीचा एक्स-रे पहिल्याच दिवशी लागेल. तोवर आईला वाकून वजन उचलू देऊ नका. आणि पुड्या मनाने एकदम बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं, अचानक तोडलं तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं, त्या कशा कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील. उरलेल्या पुड्या टाकू नका, सोबत घेऊन या.