चिप लावू की रिमॅप करू?

प्रश्न : माझी २०१३ ची १.३ लिटर डिझेल गाडी आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. पणजीला मुलीकडे जाऊन परत येताना चोर्ला घाट चढायला लागलो, की पाच माणसं आणि सामान घेऊन गाडी दुसऱ्या गियरच्या वर जातच नाही. पूर्वी असं नव्हतं. डॅशबोर्डखालच्या सॉकेटात लावायची चिप ९०० रुपयांना मिळते, ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढतं म्हणतात. पुतण्या म्हणतो, काका, कोल्हापूरला नेऊन रिमॅप करूया. काय करावं?
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : ती ९०० वाली चिप मी बेळगावात उद्यमबागच्या माझ्या शेडमध्ये तीनदा फोडून बघितली आहे, गिऱ्हाइकंच आणून देतात. त्या सॉकेटात १६ पिना. १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ नंबरला अर्थिंग, आणि ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलायचं तर बहुतेक गाड्यांत ६ आणि १४. तिन्ही चिपांत ६ आणि १४ च्या मागे ईसीयूशी बोलणारा भागच नव्हता. दिवे तेवढे छान लुकलुकतात. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, २०० किलोमीटर चालवा, तोवर चिप तुमची सवय शिकते. शिकतो आपला पाय, दुसरं काय! पैसे घातलेत म्हटल्यावर माणूस अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्तच दाबतो.

तिच्यात पैसेच जातात. इंजिन खाते ती दुसरी जात : डिझेल गाडीच्या रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत मधे बसणारा बॉक्स. (रेल म्हणजे नोझलना डिझेल पुरवणारी दाबाची नळी, सेन्सर तिच्यातला दाब मोजतो.) तो खरंच काम करतो, म्हणून भीती. रेलमध्ये १३०० बार दाब असताना तो ईसीयूला ११०० सांगतो. ईसीयू बिचारा पंपाला म्हणतो, वाढव. नोझल तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो आणि पिकअप येतो. (तुमच्या टायरात सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा.) पण हवा तेवढीच राहिली तर काळा धूर येतो, सायलेन्सरकडे जाणारा गॅस तापतो, टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आणि पिस्टन भाजतात. बरं, ईसीयूला दिसतंय सगळं ठीक. त्यामुळे प्रेशर हद्दीबाहेर गेलं तरी तो वेळेवर आवरणार कसा?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. निपाणीकडच्या एका गिऱ्हाइकाला असा बॉक्स मीच बसवून दिला होता. त्यानं हट्ट धरला आणि मलाही हौस. महिनाभर दोघं खूश. मग वंटमुरी घाटात क्लच घसरायला लागला. क्लच प्लेट बदलली, तर दोन महिन्यांत एक नोझल गळायला लागलं आणि त्या सिलिंडरचा पिस्टन वरून वितळला. तो माणूस भांडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यानंतर एकही बॉक्स बसवला नाही.

पुतण्या म्हणतो ते रिमॅप वेगळं. त्यात ईसीयूमधली मूळ फाईल वाचून जपून ठेवतात, मग डिझेल, टर्बोची हवा, इंजेक्शनची वेळ आणि टॉर्कची (चाकं फिरवणाऱ्या जोराची) मर्यादा ही सगळी कोष्टकं एकमेकांशी जुळवून बदलतात. टर्बो डिझेलला साधारण २० ते २५ टक्के ताकद वाढू शकते. टर्बो नसलेल्या पेट्रोलला जेमतेम पाचेक टक्के, तिथे खर्च करू नये. पण विचारा : आधी आणि नंतर डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) चढवून कागद देणार का? मूळ फाईल मला देणार का? पेन ड्राइव्हमधली एकच फाईल दिसेल त्या गाडीत ओतणारेही आहेत. अर्ध्या तासात गाडी परत मिळाली तर समजून जा. वॉरंटी तुमची संपलीच असेल, पण विमा कंपनीला कळवावं लागतं.

आता तुमच्या गाडीचं. पूर्वी चढत होती ना? मग गेलेली ताकद आधी शोधूया की! दमलेल्या इंजिनावर रिमॅप म्हणजे तापातल्या बैलाला चाबूक. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघा. तुमच्याकडची तांबडी माती फिल्टर लवकर भरते. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपाला तेलकट डाग असेल तर तिथे चीर असते आणि टर्बोची हवा बाहेर जाते. ती चीर गाडी उभी असताना दिसत नाही, दाब आल्यावर उघडते. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं अडकतो, तो साफ करून घ्या. मग नोझलची रिटर्न टेस्ट : चारी नोझलच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालू ठेवायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच लवकर भरली, तर ते नोझल झिजलं आहे. एवढं करून गाडी तिसऱ्यावर चढली, तर रिमॅपची आठवणही येणार नाही. नाहीच चढली, तर क्लच तपासून मग कोल्हापूरला जा.

आणि चिप मागवूनच बसला असाल, तर सॉकेटात ठेवून देऊ नका. त्या १६ नंबरच्या पिनेला चावी काढल्यावरही करंट असतो. पावसाळ्यात तुमच्याकडे गाडी पंधरा-पंधरा दिवस हलत नाही, तेवढ्यात ते दिवे जुनी बॅटरी उतरवायला हातभार लावतील.